माजी सैनिकाची आठवण रेकॉर्ड करायची तर

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. बेळगावात शहापूरला छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराई संपली की पावसाळ्यात हात रिकामे असतात, तेव्हा मी खानापूर, येळ्ळूर, कडोली, निपाणी अशा गावांत जाऊन म्हाताऱ्या सैनिकांना बोलतं करतो आणि त्यांचं बोलणं टिपून ठेवतो. पैसे घेत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर शंभर वर्षांहून जास्त काळ बेळगावात आहे, त्यामुळे आमच्याकडे गल्लीत एक तरी पेन्शनर निघतोच. हल्ली पोरं विचारतात, "आमच्या आजोबांचं करायचं आहे, कसं करू?" दर वेळी फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी आमच्या घरची फजिती सांगतो, कारण मी जे शिकलो ते तिथूनच.

माझे आजोबा काली पांचवीत होते. म्हणजे पाचव्या मराठ्यांची दुसरी बटालियन. २० जून १९४२ च्या सकाळी उत्तर आफ्रिकेत, लिबियातल्या तोब्रुकला जर्मन चालून आले ते याच पलटणीवर. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं आणि आजोबा कैदेत गेले. आधी इटली, मग जर्मनी. घरी परत आले ते १९४५ च्या शेवटी. १९९१ च्या दिवाळीत माझ्या काकांनी नवा टेपरेकॉर्डर आणला आणि आजोबांसमोर ठेवला. साठ मिनिटांची ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. काका विचारतात, "किती जर्मन मारलासा?" आजोबा म्हणतात, "मारलं की." काका विचारतात, "लढाई कशी हुती?" आजोबा म्हणतात, "हुती." असं वीस मिनिटं चालतं. मग काकू चहा घेऊन येते. कपबशीचा आवाज येतो आणि आजोबा आपणहून म्हणतात, "कैदेत आमी किलीमच्या डब्यातनं च्या प्यायचो. तारेचा कान करून घेतलो हुतो डब्याला." त्यावर काका काय म्हणाले असतील? "बरं, ते असू दे. तोब्रुकचं सांगा."

आजोबा १९९४ ला गेले. किलीम म्हणजे काय हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. काकांचं म्हणणं, म्हातारा सतरंजीला किलीम म्हणत होता आणि बोलण्यात घोटाळा झाला असेल.

पुढं माझा भाचा कॅनडात ब्रॅम्प्टनला गेला. माझा नाद त्याला माहीत. तिथल्या माजी सैनिकांच्या आठवणी रेकॉर्ड करून लोकांसाठी खुल्या ठेवल्या आहेत, हे त्यानं मला दाखवलं. हिस्टोरिका कॅनडा नावाची संस्था आहे, तिच्या उपक्रमाला द मेमरी प्रोजेक्ट म्हणतात. माझं इंग्रजी बेताचं, पण रात्री एडिटिंग झालं की हेडफोन लावून ऐकत बसायचो. १९४२ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर डिएप्पला पकडलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या गोष्टी ऐकताना एक शब्द सारखा कानावर यायला लागला, क्लिम. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, मिल्क उलटं वाच." ती दुधाच्या पावडरीची कंपनीची खूण होती. कॅनडाच्या रेडक्रॉसनं युद्धात कैद्यांसाठी दीड कोटीहून जास्त पार्सलं भरली. प्रत्येक पार्सल पाच किलोच्या आसपास आणि त्यात लोणी, साखर, बिस्किटं, मनुका आणि हा क्लिमचा डबा. दूध संपलं की कैदी त्या डब्याचा मग करायचे, चूल करायचे, पातेलं करायचे. आजोबांचं सगळं बरोबर होतं. चुकलो होतो ते आम्ही.

तर पहिली गोष्ट ही. म्हाताऱ्याच्या तोंडून न कळणारा शब्द आला तर तो जसा ऐकू आला तसाच लिहा. सुधारू नका, गाळू नका, "म्हणजे काय?" म्हणून तिथंच अडवूही नका. वहीच्या कडेला शब्द लिहून वेळ टाका आणि त्यांचं वाक्य संपलं की मग विचारा, "त्यो डबा केवढा हुता?" हातानं माप दाखवतील.

आता जायच्या आधीची तयारी. पहिल्या दिवशी कॅमेरा न्यायचा नाही. नुसतं जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, कशासाठी आलो ते सांगायचं आणि कागदपत्रं बघायला मागायची. डिस्चार्ज बुक असेल तर सोनं मिळालं समजा. भरतीची तारीख, पलटण, कुठं कुठं होते, सगळं त्यात सापडतं. ते नसेल तर मेडलं बघा. दुसऱ्या महायुद्धाचे तारे, म्हणजे आफ्रिका स्टार, इटली स्टार, ब्रिटिश आणि कॅनेडियन सैनिकांना कोरे मिळाले, पण आपल्याकडच्या शिपायांच्या ताऱ्यांवर पाठीमागं नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन बघा. आणि घरच्यांना बजावून ठेवा, ब्रासो लावायचा नाही. फौजी माणूस पितळ दिसलं की घासतो, त्याला इलाज नाही. माझ्या बघण्यात एका घरी सुनेनं दर दसऱ्याला ब्रासो मारून मारून नाव पार पुसून टाकलं होतं. नंबराचे शेवटचे तीन आकडे तेवढे उरले होते.

कागद बघायचा याचं एक कारण आहे. तारखा म्हाताऱ्याला विचारायच्या नाहीत. हे मी फार उशिरा शिकलो. तारीख विचारली की माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो. आठवत नाही म्हणून ओशाळतो, नाहीतर अंदाजानं काहीतरी ठोकून देतो आणि पुढचा अर्धा तास त्या ठोकलेल्या तारखेला धरून बोलतो. तारीख कागदात मिळते. कागदात जे नसतं ते त्यांच्याकडून घ्या. पायातले बूट, पाण्याची चव, रात्रीचा वास, शेजारचा माणूस झोपेत काय बडबडायचा.

कॅनडाच्या लोकांचं उदाहरण देतो, म्हणजे काय म्हणतोय ते कळेल. हाँगकाँगला १९४१ च्या नोव्हेंबरात कॅनडाच्या दोन बटालियनी उतरल्या, रॉयल रायफल्स आणि विनिपेग ग्रेनेडियर्स. एकूण १,९७५ माणसं. तीन आठवड्यांत, ८ डिसेंबरला जपाननं हल्ला केला आणि २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, हाँगकाँग शरण गेलं. आपल्या राजपूत आणि पंजाब रेजिमेंटच्या दोन पलटणी तिथं त्यांच्या बरोबरीनं लढल्या, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं. लढाईत २९० कॅनेडियन मेले आणि पुढच्या पावणेचार वर्षांच्या कैदेत आणखी २६४. हे आकडे कुठल्याही पुस्तकात मिळतात. पण पायांची आग? निकृष्ट भातावर राहून राहून कैद्यांच्या पायांत अशी आग उठायची की रात्र रात्र पाय गार पाण्यात बुडवून बसायचे. इलेक्ट्रिक फीट म्हणायचे त्याला. हे ज्याचे पाय जळले त्यालाच सांगता येतं. भातातल्या अळ्या आधी वेचून टाकायचे आणि नंतर वेचणं कधी बंद झालं, हेही त्यालाच ठाऊक.

डिएप्पचं तसंच. १९ ऑगस्ट १९४२, फ्रान्सचा किनारा, जवळजवळ पाच हजार कॅनेडियन गेले. एका सकाळीत ९०७ मेले आणि १,९४६ पकडले गेले. ती सकाळ सगळ्यांना माहीत असते. पण त्या कैद्यांचे हात ऑक्टोबरपासून बांधून ठेवले होते, आधी दोरीनं आणि मग बेड्यांनी, आणि हे वर्षभराच्या वर चाललं. आता विचार करा, हात बांधलेला माणूस चड्डीची नाडी कशी सोडतो? असला प्रश्न विचारायला लाज वाटते, पण उत्तर येतं ते त्यालाच. शौर्याचा प्रश्न विचारला की छापील उत्तर येतं.

म्हणून सुरुवात भरतीपासून करा. भरतीला कोण घेऊन गेलं, छाती मोजताना काय झालं, पहिला पगार किती आणि त्यातले घरी किती धाडले. आमच्या भागातल्या पोरांना तिथं हिंदुस्थानी बोलावं लागायचं आणि त्या काळात फौजेत रोमन लिपीतली उर्दू शिकवायचे. खानापूरच्या जंगलातलं मराठी, बाजारातलं कानडी आणि वर ही रोमन उर्दू, हा विषय काढला की म्हातारा हसतो आणि हसला की बोलतो. मग लांगर, म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर. आमच्याकडच्या माणसाला भाकरीवाचून किती दिवस काढावे लागले, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि आजवर एकानंही एका शब्दात उत्तर दिलेलं नाही. आजोबांचं पार्सल पुन्हा आठवा. त्यात डबाबंद बैलाचं मटण यायचं, ते आजोबा खात नव्हते. पहाऱ्यावरच्या शिपायाला देऊन कांदे घ्यायचे, एवढं आजीला सांगितलं होतं त्यांनी. एका डब्याला किती कांदे, ते विचारायचं राहिलं.

आवाजाबद्दल थोडं, कारण हा माझा धंदा. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालतं, पण विमान मोड टाका, नाहीतर ऐन बोलण्यात गॅसवाल्याचा फोन येतो. मोबाईल टेबलावर ठेवू नका, म्हातारे हात आपटतात. घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, तोंडापासून वीतभर. हजार-बाराशे रुपयांत शर्टाला लावायचा माईक मिळतो, तो घेतलात तर उत्तम. पंखा बंद करा. कुकर लावायच्या आधी किंवा तीन शिट्ट्या झाल्यावर बसा. आमच्याकडचा पाऊस तर विचारू नका. खानापूर-जांबोटी भागात कौलावर पाऊस पडायला लागला की समोरच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. मी तर पावसाळ्यातच मोकळा, त्यामुळे मी माजघरात, धान्याच्या पोत्यांच्या शेजारी बसवतो. पोती आवाज पितात. स्टुडिओत हजारो रुपये घालून फोम लावला, पण जोंधळ्याच्या पोत्याची सर त्याला नाही. आणि दोन यंत्रं चालू ठेवा. एकदा नंदगडच्या बाजूला एका सुभेदारांचं सव्वा तास बोलणं झाल्यावर लक्षात आलं की कार्ड भरून चाळीस मिनिटं झाली. त्यांना परत विचारलं तर म्हणाले, "सांगितलं की एकदा." परत सांगितलं, पण पहिल्यांदा सांगताना जिथं थांबले होते तिथं दुसऱ्यांदा थांबले नाहीत.

थांबण्याचं सांगायलाच हवं. माणूस बोलता बोलता गप्प होतो. तेव्हा पुढचा प्रश्न घाईनं टाकायचा नाही. मनात वीसपर्यंत मोजा. तेवढ्यात बहुतेक जण पुन्हा बोलायला लागतात आणि जे बोलतात त्यासाठीच आपण आलेलो असतो. रडू आलं तर रडू द्या, पाणी पुढं करा, रेकॉर्डर बंद करू का ते विचारा. करा म्हणाले तर खरंच बंद करा आणि बंद केलेला दाखवा. एका हवालदारांनी मला १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या जमालपूरच्या लढाईबद्दल दोन बैठकांत मनातलं काही सांगितलं नव्हतं. जंगी पलटण, म्हणजे मराठ्यांची पहिली बटालियन, तिथं होती. पाकिस्तानी कर्नलला शरण यायचं पत्र धाडलं तेव्हा त्यानं उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, ही गोष्ट सगळे सांगतात, यांनीही सांगितली, पाठ केल्यासारखी. तिसऱ्या बैठकीला मी फक्त विचारलं की डिसेंबरात तिकडं थंडी कितपत असते. म्हणाले, "सकाळी रायफलीचं लोखंड हाताला चिकटल्यागत गार हुतं." मग पन्नास मिनिटं बोलले. त्यातलं पंचवीस मिनिटांचं त्यांनी कुणाला ऐकवू नको म्हणून सांगितलं आहे. ते माझ्याकडे वेगळ्या पाकिटात आहे, वर त्यांच्याच हातानं लिहिलेली चिठ्ठी आहे.

"किती मारलं" हा प्रश्न विचारूच नका. नातवंडं हटकून विचारतात, म्हणून नातवंडांना त्या वेळेला शेंगा फोडायला बसवावं.

घरातल्या बाईला मात्र जवळ बसवा. आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत असते आणि मध्येच म्हणते, "असं न्हाई झालं." तिचंही रेकॉर्ड करा, पण वेगळं, एकटीचं. माझ्या आजीकडं १९४२ साली बेपत्ता म्हणून तार आली. गावात तार वाचणारा एकच, तलाठी. त्यानं वाचून काय सांगितलं, त्यावर सासरच्यांनी मंगळसूत्र काढायचं की ठेवायचं यावर किती दिवस वाद घातला, हे आजोबांना कधीच कळलं नाही. रेडक्रॉसचं कार्ड येईपर्यंत पाच महिने ती ना सवाष्ण ना विधवा. युद्धाची ही बाजू सैनिकाच्या तोंडून कशी येणार? तो तर तिकडं होता.

घरी आलात की त्याच रात्री फाईलची कॉपी दोन ठिकाणी करा. फाईलला नाव देताना तारीख, गाव, पलटण असं द्या. आजोबा_नवीन_फायनल_दोन असलं नाव दिलंत तर पुढच्या वर्षी तुम्हालाच सापडणार नाही. मग ऐकत ऐकत उतरवून काढा. एका तासाच्या बोलण्याला मला पाच-सहा तास लागतात. बोली तशीच ठेवा. हुतं म्हणाले तर हुतं लिहा, मध्येच कानडी वाक्य आलं तर कानडीच, आपल्या लिपीत. एका मास्तरांनी माझ्याकडून एक प्रत नेऊन सगळं शुद्ध करून दिलं. वाचताना आकाशवाणीवरच्या बातम्या वाटल्या.

आता पडताळणी. याला आमच्या भागात एक खोडा आहे तो बाहेरच्याला कळत नाही. गावाचं नाव शोधताना आजचं नाव टाकू नका. महायुद्धाच्या काळात बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. म्हैसूर राज्यात गेला १ नोव्हेंबर १९५६ ला. त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ ला आणि शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं ते २०१४ ला. त्यामुळे युद्धात मेलेल्या भावाचं, चुलत्याचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धातल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, यादीत शोधायचं असेल तर जुनं इंग्रजी स्पेलिंग वापरा, बेलगॉम, आणि पुढं बॉम्बे. मराठासुद्धा तिथं जुन्या पद्धतीनं, एच आधी आणि पुढं दोन टी (Mahratta) असं लिहिलेलं असतं. जाधवचं तीन तऱ्हांनी बघा. पाटील सापडले तर शंभर सापडतील, म्हणून नंबर हवा, म्हणून मघाशी ब्रासो नको म्हटलं. आणि दहन झालेल्यांची कबर नसते, त्यांची नावं दगडावर असतात. इटलीत सांग्रो नदीच्या दफनभूमीत आपल्या लोकांसाठी वेगळं दहन-स्मारक आहे. तिथून जवळच ऑर्टोनापाशी मोरो नदीच्या दफनभूमीत कॅनेडियन झोपलेत. १९४३ च्या डिसेंबरात आपली आठवी डिव्हिजन आणि कॅनडाची पहिली डिव्हिजन शेजारी शेजारी लढत होत्या आणि १९४४ च्या मे महिन्यात गारी नदी ओलांडताना आठव्या डिव्हिजनच्या मदतीला कॅनडाचे रणगाडे होते. जंगी पलटण याच डिव्हिजनमधली. तेव्हा इटलीला गेलेल्या कुणाच्या घरी कागद असतील आणि त्यात कॅनडाचा उल्लेख निघाला तर चुकून पडलेला समजू नका.

आठवण आणि कागद जुळले नाहीत तर? आठवण खोडायची नाही. उताऱ्यात ते बोलले तसं ठेवायचं आणि खाली बारीक अक्षरात कागद काय म्हणतो ते लिहायचं. म्हाताऱ्याला तोंडावर "तुमचं चुकलं" म्हणायला जाऊ नका. माझ्या ओळखीच्या एका पोरानं मोबाईलवर शोधून आजोबांना तिथल्या तिथं दुरुस्त केलं. आजोबा म्हणाले, "मग त्या मोबाईललाच इचार." विषय संपला.

लोकांसमोर ठेवायच्या आधी पेन्शनचा नंबर, आधार, बँकेचं पासबुक यातलं काही फोटोत दिसत नाही ना ते बघा. ज्याचा मुलगा किंवा नातू सध्या नोकरीत आहे त्याच्या पोस्टिंगची गोष्ट काढून टाका. आणि लेखी परवानगी घ्या, साधा कागद चालतो, पण त्यात कुटुंबापुरतं की सगळ्यांसाठी, हे स्पष्ट असू दे.

शेवटचं काम म्हणजे परत जाऊन वाचून दाखवणं. हे बहुतेक जण टाळतात. मोठ्या टायपात प्रिंट काढा, त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही मोठ्यानं वाचा. पेन सोबत ठेवा. त्या जमालपूरच्या हवालदारांना मी गेल्या श्रावणात वाचून दाखवलं. दीड तास डोळे मिटून ऐकलं, मान हलवली, "झकास" म्हणाले, कुंद्याची वाटी पुढं केली. मी गाडीला किक मारून बेळगावला आलो. रात्री साडेनऊला फोन. "अरे, त्या रातीला आमास्नी चपात्या घेऊन वर आल्ता तो लांगरी, त्याचं नाव आटवलं. लिही."

मी नाव लिहून घेतलं आणि पुढं तारीख टाकली.